मधुमेहातला पाय वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया: कापायची वेळ येण्याआधी काय काय करता येतं?

रानजाई | रविवार, रात्री ९.२०

बाबांच्या उजव्या पायाचं दुसरं बोट गेल्या महिन्यात सरळ झालं. ओपीडीतच, खुर्चीवर बसल्या बसल्या, दहा मिनिटांत. डॉक्टरांनी बोटाच्या खालून एक जाडसर सुई घातली, बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्या सुईच्या धारेनेच कापली, बोट हाताने सरळ केलं आणि छोटी पट्टी लावली. एकही टाका नाही. बोटाच्या टोकावरची जखम तीन आठवड्यांत भरली.

घरी आल्यावर मला रडू आवरेना, कारण डाव्या पायाचं हेच बोट आता नाही.

डाव्या पायाची सुरुवात अगदी अशीच झाली होती. बोट पंज्यासारखं वाकलेलं, चालताना त्याचं टोक जमिनीवर टेकायचं, टोकाला घट्टा आणि घट्ट्याखाली जखम. बाबांना मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. पायांची संवेदना गेलेली, त्यामुळे दुखलं कधीच नाही. आठ महिने ड्रेसिंग केलं. मलमं बदलली, अँटिबायोटिक्स बदलली, बोट मात्र तसंच वाकडं राहिलं. त्या वाकड्या बोटाकडे कुणी बघितलंच नाही. मीही नाही, आणि ड्रेसिंग तर मी रोज माझ्या हाताने करत होते.

मग हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला. एका रात्रीत पाऊल सुजलं आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागेल असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्ही दुसरं मत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच रात्री पाऊल उघडून पू काढला. दुसरं आणि तिसरं बोट मागच्या लांब हाडाच्या तुकड्यासकट गेलं. तिसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बुजलेली धमनी आतून फुग्याने उघडली. त्यानंतर हवा खेचून घेणाऱ्या पंपाचं ड्रेसिंग आणि सात आठवड्यांनी मांडीची कातडी काढून त्वचारोपण. आज बाबा स्वतःच्या पायांवर चालतात.

तोपर्यंत मला ‘मधुमेह, पाय आणि ऑपरेशन’ हे शब्द एकत्र आले की एकच अर्थ कळायचा: पाय कापणं. पाय कापावा लागू नये म्हणूनही ऑपरेशनं असतात, आणि त्यातली काही दहा मिनिटांची असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न भरणाऱ्या जखमेमागे कारण असतं: वाकलेलं बोट, ताठ झालेली टाचेची कंडरा, बुजलेली धमनी, आत दडलेला पू, सडलेलं हाड. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण शस्त्रक्रियेने दूर करायचा काही ना काही मार्ग आहे. मधुमेहात जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांच्या बाबतीत सुरुवात पायावरच्या एका जखमेपासून झालेली असते. म्हणजे तेवढ्या लोकांकडे कधीतरी असे आठ महिने होते.

इथे कुणी डॉक्टर असतील, कुणी यातून गेलं असेल, तर कृपया लिहा. माझ्यासारखी मुलगी कुठेतरी आज रात्रीही ड्रेसिंग करत असेल.

शल्यविद | रविवार, रात्री १०.५०

रानजाई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी अस्थिशल्यविशारद आहे, गेली बरीच वर्षं पायाचंच काम करतो. ड्रेसिंग करणाऱ्या माणसाने स्वतःला दोष देऊ नये. बोटाचा वाक बघणं आमचं काम होतं.

तुमच्या बाबांवर झाली ती फ्लेक्सर टेनोटॉमी. मधुमेहात नसा जातात तेव्हा नुसती संवेदना जात नाही, पावलातले छोटे स्नायूही वाळतात. मग पोटरीतून येणाऱ्या लांब कंडरांना तोल देणारं कुणी उरत नाही आणि त्या बोटं ओढून वाकवतात. बोट अजून हाताने सरळ होत असेल, तर ओढणारी कंडरा कापली की टोकावरचा दाब जातो. इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट या गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दुसऱ्या ते पाचव्या बोटांच्या अशा जखमांसाठी ही शस्त्रक्रिया ठामपणे सुचवलेली आहे. बोट सांध्यातच ताठ झालं असेल तर नुसती कंडरा कापून भागत नाही, सांध्यातलं थोडं हाड काढावं लागतं.

आता चवड्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात हट्टी जखमा तिथे होतात. मधुमेहात टाचेमागची अकिलीस कंडरा कडक आणि आखूड होत जाते. घोटा वर वळेनासा होतो, पाऊल टाकताना टाच लवकर उचलली जाते आणि शरीराचा सगळा भार चवड्यावर येतो. पायाला बधिरपणा असल्याने माणूस त्याच जागेवर दिवसाला हजारो पावलं टाकतो. या कंडरेवर तीन छोटे छेद देऊन ती थोडी लांब करता येते. २००३ साली म्यूलर आणि सहकाऱ्यांनी ६४ रुग्णांवर केलेली एक चाचणी आम्ही अजूनही शिकवतो. चवड्यावर जखम असलेल्या निम्म्या लोकांना पायाला घट्ट बसणारं विशेष प्लास्टर घातलं, उरलेल्यांना प्लास्टरसोबत कंडरा लांब करून दिली. जखमा दोन्हीकडे बहुतेक भरल्या. पण सात महिन्यांत नुसत्या प्लास्टरवाल्यांपैकी ५९ टक्के लोकांची जखम परत आली, कंडरा लांब केलेल्यांत १५ टक्के. दोन वर्षांनी तेच आकडे ८१ आणि ३८ होते.

याची दुसरी बाजूही आहे. कंडरा गरजेपेक्षा जास्त लांब झाली तर भार टाचेवर जातो आणि टाचेला जखम होते. टाचेची जखम चवड्याच्या जखमेपेक्षा कितीतरी अवघड. म्हणून किती लांब करायची हा हाताचा अंदाज असतो आणि ते काम नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्यावं.

चवड्यातल्या एखाद्या हाडाचं डोकं खाली टोचत असेल तर ते काढता येतं किंवा मागे कापून वर उचलता येतं. तिथेही भार शेजारच्या हाडावर सरकतो. दाब एका जागेवरून उचलला की तो कुठे जाईल, याचा विचार छेद देण्याआधी करावा लागतो. पायाच्या अंगठ्याच्या बाबतीत तर फारच. अंगठा गेला की पुढच्या काही महिन्यांत शेजारच्या बोटांना जखमा होताना मी खूप पाहिल्या आहेत, म्हणून अंगठा वाचवण्यासाठी आम्ही जरा जास्तच झगडतो.

केतकी२ | सोमवार, सकाळी ८.०५

बोट वाकवणारी कंडराच कापली तर चालताना अडचण येत नाही का? आणि जखम भरत नसताना तिथेच नवी जखम करायची, हे ऐकूनच भीती वाटते.

शल्यविद | सोमवार, सकाळी ८.४०

केतकी, या रुग्णांची बोटं आधीच जमिनीला नीट धरत नसतात, त्यामुळे चालण्यात सहसा फरक जाणवत नाही. कधीकधी शेजारच्या बोटावर भार वाढतो, मग त्याचीही कंडरा कापावी लागते. तुमची भीती मात्र एका बाबतीत अगदी योग्य आहे: रक्तपुरवठा बघितल्याशिवाय सुईसुद्धा लावायची नाही. इथे रक्तवाहिन्यांच्या कुणीतरी लिहायला हवं.

अरुणोदय | सोमवार, दुपारी ३.३०

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

मधुमेहींच्या पायाबद्दल एक जुना समज आहे, अजूनही कानावर येतो: “यांच्या बारीक रक्तवाहिन्याच गेल्या आहेत, आता करण्यासारखं काही नाही.” लोगर्फो आणि कॉफमन यांनी १९८४ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या समजाला आव्हान दिलं. मधुमेहात अडथळे मुख्यतः गुडघ्याखालच्या तीन धमन्यांमध्ये असतात आणि पावलातल्या धमन्या पुष्कळदा बऱ्या राहतात. म्हणूनच रुग्णाच्या मांडीची शीर घेऊन थेट पावलाच्या वरच्या धमनीपर्यंत बायपास करता येतो. ‘काही नाही’ हे वाक्य पावलापर्यंतची अँजिओग्राफी झाल्यावरच कुणी उच्चारावं. गुडघ्यापर्यंतची चित्रं पुरेशी नाहीत.

दुसरी फसगत घोट्याच्या दाबाची. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, असं गुणोत्तर काढतात. साधारण ०.९ च्या खाली आलं तर अडथळा आहे. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती नळीसारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि गुणोत्तर १.३ किंवा १.४ येतं. कागदावर ‘उत्तम’, पावलात रक्त नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायचा. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर घाईने तपासणी करून रक्तप्रवाह सुरू करायचा विचार व्हायला हवा. घोट्याचा दाब ५० च्या खाली असेल तरीही.

अँजिओप्लास्टी की बायपास, हा प्रश्न मला रोज विचारतात. प्रामाणिक उत्तर असं की दोन मोठ्या चाचण्या दोन दिशांना बोट दाखवतात. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत १,८३० रुग्ण होते. ज्यांच्या मांडीची एकसंध चांगली शीर उपलब्ध होती, त्यांच्यात आधी बायपास केलेले सरस ठरले: मृत्यू किंवा पायावरचं मोठं संकट (घोट्याच्या वरून पाय काढणं किंवा मोठी फेरशस्त्रक्रिया) बायपास गटात ४२.६ टक्के, फुग्याच्या म्हणजे अँजिओप्लास्टीच्या गटात ५७.४ टक्के. पुढच्याच वर्षी आलेल्या बेसिल-२ मध्ये ३४५ रुग्ण होते, सगळ्यांचे अडथळे गुडघ्याखालचे, आणि तिथे आधी अँजिओप्लास्टी केलेल्यांचं पारडं जड झालं. म्हणून मी शीर सोनोग्राफीने बघतो, हृदय बघतो, जखम किती मोठी ते बघतो आणि माणूस भूल सोसेल का ते बघतो. मोठी जखम भरायला रक्त भरपूर आणि बरेच महिने लागतं. तिथे चांगली शीर असेल तर माझा कल बायपासकडे असतो. वय झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाला फुगा.

रक्त खुलं झाल्याशिवाय बोटं कापत सुटू नये, ही माझी कळकळीची विनंती. कोरडं काळं बोट थांबू शकतं. आधी धमनी, मग बोट. नाहीतर बोटाची जखम भरत नाही, म्हणून अर्धं पाऊल, तेही भरत नाही, म्हणून गुडघ्याखाली, असा जिना सुरू होतो. पण ओला, वास येणारा, पू असलेला पाय थांबू शकत नाही. तिथे क्रम उलटा: पू आत्ता, धमनी एक-दोन दिवसांत.

तिन्हीसांजा | सोमवार, रात्री ११.०५

माझी आई ६४ वर्षांची. करंगळीच्या बाजूने तळव्यापर्यंत जखम आहे, सूज घोट्यापर्यंत, वास येतोय. ताप नाही. शुगर ४०० च्या वर. आज दाखवलं तिथे म्हणाले गुडघ्याखालून काढू, सकाळपर्यंत सांगा. क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) २.१ आहे म्हणून अँजिओग्राफी करता येणार नाही म्हणाले. मी एकटीच आहे इथे. काय विचारू त्यांना?

अरुणोदय | सोमवार, रात्री ११.१८

ताई, नेटवरून निदान करणार नाही. पण आईला आज रात्रीच अशा ठिकाणी न्या जिथे पू काढणारा सर्जन आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन दोघेही आहेत. आत्ता आहात तिथे हे दोघे असतील तर तिथेच थांबा. सकाळची वाट बघू नका. ताप नाही याचा अर्थ संसर्ग सौम्य असा होत नाही, मधुमेहात गंभीर संसर्गातही ताप नसू शकतो.

विचारायचे प्रश्न हे: आत पू आहे का, आणि तो आज रात्री काढणार का? अंगठ्याचा दाब किती? पावलापर्यंतच्या धमन्या कशाने बघितल्या? टाच शाबूत आहे का?

क्रिएटिनीन २.१ म्हणजे अँजिओग्राफीला कायमची बंदी नव्हे. सोनोग्राफीने धमन्यांचा बराच अंदाज येतो. रंगद्रव्य अगदी कमी वापरता येतं, काही भागासाठी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरतात. किडनीला जपायचंच आहे, पण किडनीचं कारण देऊन पायाची तपासणीच सोडून देणं मला पटत नाही.

शल्यविद | सोमवार, रात्री ११.३१

अरुणोदय यांच्याशी शब्दशः सहमत. थोडी भर घालतो. पावलाच्या आत पडद्यांनी वेगळे झालेले कप्पे असतात. करंगळीजवळचा पू कंडरांच्या कडेकडेने मधल्या कप्प्यात शिरतो आणि घोट्याकडे चढतो. वरून कातडी नुसती लालसर दिसते, आत सगळं कुजत असतं. म्हणून लांब छेद देऊन कप्पे उघडावे लागतात, मेलेलं मांस काढावं लागतं, गरज पडली तर दोन दिवसांनी पुन्हा. नंतर जखम बघून तुम्ही घाबराल. पाऊल फार मोठं उघडलेलं दिसेल. ते पाय वाचवण्यासाठीच असतं.

आणि एक सांगून ठेवतो. डॉक्टरांनी सगळं तपासून, जिवाला धोका आहे म्हणून पाय काढायला सांगितलं, तर ते ऐका. जीव आधी.

रानजाई | सोमवार, रात्री ११.४०

ताई, मी जागी आहे. शुगरचे, किडनीचे जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी तेच सांगा. जखमेचे फोटो तारखेसह काढून ठेवा, आम्हाला फार उपयोग झाला. पोचलात की एक ओळ लिहा.

तिन्हीसांजा | मंगळवार, पहाटे ४.१५

पोचलो. आत नेलंय. पू खूप होता म्हणाले.

मी_माधव | मंगळवार, सकाळी ११.००

सगळे पाय वाचवण्याबद्दल लिहीत आहेत, मी वेगळं लिहितो आणि मनापासून लिहितो. माझ्या भावाचा पाय वाचवायला आम्ही चौदा महिने घालवले. सात ऑपरेशनं. बोटं, मग अर्धं पाऊल, मग टाचेचं हाड. त्या चौदा महिन्यांत तो चालला नाही, कामावर गेला नाही, अंगावरचं मांस उतरलं. शेवटी गुडघ्याखाली काढला. चार महिन्यांनी कृत्रिम पायावर तो जिना चढला आणि म्हणाला, हे वर्षभर आधी का नाही केलं? मला त्याला उत्तर देता आलं नाही. पाय वाचवणं चांगलंच आहे, पण कुणासाठी आणि किती दिवस, हेही बोला.

शल्यविद | मंगळवार, दुपारी २.२०

माधवराव, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमचा मुद्दा धाग्याच्या विरोधात अजिबात नाही. आम्हाला वाचवायचं असतं ते चालणं. टाच गेलेलं, भार न पेलणारं पाऊल वाचवून माणूस अंथरुणाला खिळणार असेल, तर गुडघ्याखालून नीट पाय काढणं हाही उपचारच आहे. कधीकधी तो लवकर सुचवायला आम्ही कचरतो, हेही खरं.

पण दोन टोकांच्या मध्ये खूप जागा आहे. एक बोट त्याच्या मागच्या हाडासकट काढता येतं. सगळा चवडा काढून पावलाचा मागचा भाग ठेवता येतो, आणि त्यावर माणूस बुटात भरणी घालून चालू शकतो. तेव्हा अकिलीस कंडरा लांब करायला विसरलं तर पाऊल खाली वळतं आणि टोकाला नवी जखम होते. टाचेच्या हाडाचा संसर्ग झालेला तुकडाच काढून पाऊल ठेवता येतं. गुडघा वाचणं ही तर फार मोठी गोष्ट आहे: गुडघ्यावरून पाय गेला तर कृत्रिम पायाने चालायला कितीतरी जास्त ताकद लागते आणि वयस्कर माणसं पुष्कळदा चालणंच सोडतात. मोठा पाय-छेद (घोट्याच्या वरून पाय काढणं) झालेल्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक माणसं पाच वर्षांत दगावतात. त्याला हृदय आणि किडनीही कारण असतात, नुसता पाय नव्हे. पण म्हणूनच पहिली बारीकशी जखम मला इतकी महत्त्वाची वाटते.

भावाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात कुणी रक्तपुरवठा मोजला होता का?

मी_माधव | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

पाचव्या महिन्यात. तोपर्यंत दोन बोटं गेली होती.

प्रवासी_एक | बुधवार, रात्री १०.१०

माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा. पाय सुजला, लाल झाला, गरम झाला. जखम नव्हती. दोन महिने संसर्ग समजून अँटिबायोटिक्स घेतली, चालत राहिलो. शेवटी कळलं की शार्को पाऊल आहे, म्हणजे बधिर पावलातली हाडं आणि सांधे आतून मोडत, ढासळत जाणं. तोवर तळव्याची कमान उलटी झाली होती, होडीच्या तळासारखी. मध्यभागी हाडाचा उंचवटा आणि त्यावर जखम. माझा तो उंचवटा तासून काढला, अकिलीस लांब केली. जखम भरली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं पाऊल मात्र इतकं डळमळीत होतं की आत लांब स्क्रू आणि बाहेरून लोखंडी कड्यांची चौकट लावून हाडं जुळवली. त्यांना बरेच महिने लागले. ज्यांना मधुमेह आहे आणि एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय, त्यांनी जखम नाही म्हणून गप्प बसू नका.

शल्यविद | गुरुवार, सकाळी ७.५०

प्रवासी, फार महत्त्वाचं लिहिलंत. दोन पावलांच्या तापमानात सुमारे २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक, सूज आणि बधिर पाय असं एकत्र दिसलं की आधी पाय स्थिर करायचा: प्लास्टर, आणि भार टाकायचा नाही. या गरम टप्प्यात शक्यतो शस्त्रक्रिया टाळतात, कारण हाडं मऊ असतात आणि स्क्रू धरत नाहीत. शार्को यांनी सांध्यांचा असा ऱ्हास १८६८ साली वर्णिला तो मज्जारज्जूच्या आजारात. मधुमेहाशी त्याचा संबंध जॉर्डन यांनी १९३६ साली दाखवला.

प्लास्टरवरून आठवलं. बधिर पायाची जखम ‘सडक्या मांसामुळे’ होत नाही, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होते, ही गोष्ट डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना जगापुढे ठामपणे मांडली. दाब काढला की त्याच मांसाची जखम भरत होती. आज मधुमेहाच्या पायावर आम्ही करतो त्या अर्ध्या गोष्टी कुष्ठरोगाच्या वॉर्डातून आल्या आहेत. मला याबद्दल खोल कृतज्ञता वाटते.

केतकी२ | गुरुवार, दुपारी १.१५

नेटवर ‘नस मोकळी करण्याचं ऑपरेशन’ दिसतं. दबलेल्या नसा सोडवल्या की संवेदना परत येते आणि जखमा होत नाहीत, असा दावा आहे. खरं आहे का? आणि अँजिओग्राफीत खरोखरच काही मार्ग नसेल तर?

शल्यविद | गुरुवार, दुपारी २.००

नसांच्या शस्त्रक्रियेबद्दल: जखम टाळण्यासाठी ती करू नये, असंच मी वर सांगितलेल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुचवलेलं आहे. पुरावा पुरेसा नाही. मी त्यासाठी कुणाला पाठवत नाही.

अरुणोदय | गुरुवार, रात्री ९.०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पावलातली एकही धमनी जोडण्यासारखी उरली नसेल, तर आता एक नवा मार्ग आहे: बंद धमनीच्या वरून रक्त शेजारच्या खोल शिरेत वळवायचं, म्हणजे शिरेतून उलट्या दिशेने पावलात रक्त जातं. २०२३ साली प्रॉमिस-२ या अभ्यासात असे १०५ रुग्ण होते, ज्यांच्यासाठी दुसरा कुठलाच पर्याय उरला नव्हता. सहा महिन्यांनी ६६.१ टक्के रुग्ण मोठा पाय-छेद न होता हयात होते. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून आकडा जपून वाचा. जखम भरायला फार वेळ लागतो, पाऊल सुजतं, आणि हे काम मोजक्याच ठिकाणी होतं. पण ‘काहीच नाही’ आणि ‘थोडं काहीतरी’ यातलं अंतर त्या माणसासाठी किती मोठं असतं, ते मी पाहिलं आहे.

तिन्हीसांजा | रविवार, संध्याकाळी ७.३०

आज जरा बसायला मिळालं, म्हणून लिहिते.

मंगळवारी पहाटे पू काढला. करंगळी आणि चौथं बोट, दोन्ही मागच्या हाडांसकट काढावी लागली. अंगठ्याचा दाब २२ होता. गुरुवारी अँजिओग्राफी केली, रंगद्रव्य अगदी थोडं वापरून. पोटरीतल्या तीनपैकी दोन धमन्या बंद होत्या, त्यातली पुढची उघडली. काल दाब ४१ आला. क्रिएटिनीन २.४ पर्यंत चढून आज २.२ आहे. काल परत थोडं मांस साफ केलं. जखम उघडीच आहे, पंपाचं ड्रेसिंग लावलंय. डॉक्टर म्हणाले अजून धोका टळला असं म्हणणार नाही, दोन आठवडे बघू. टाच चांगली आहे.

आईला काल पहिल्यांदा जखम दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, अंगठा आहे ना.

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू ते कळत नाही. एक विचारायचं होतं. आज तिचा उजवा पाय धुताना नीट बघितला. सगळी बोटं वाकलेली आहेत. तिसऱ्या बोटाच्या टोकाला घट्टा आहे, त्याचा रंग काळपट. जखम नाही. इतकं सगळं चालू असताना त्याबद्दल विचारणं बरोबर आहे का?

शल्यविद | रविवार, रात्री ८.०५

हो, ताई. आत्ताच विचारा. काळपट घट्टा म्हणजे बहुधा आत रक्त साचलंय, जखम होण्याच्या अगदी आधीची पायरी. उद्याच्या राउंडला डॉक्टरांना तेवढं बोट दाखवा, घट्टा काळजीपूर्वक तासून घ्या, आणि उजव्या अंगठ्याचाही दाब मोजायला सांगा. दाब बरा असेल आणि बोट हाताने सरळ होत असेल, तर त्या कंडरेबद्दल विचारा.

रानजाई | रविवार, रात्री ८.१२

आणि तोवर त्या बोटावर भार येऊ देऊ नका. संडासला नेतानाही पायात मऊ, पुढून रुंद चप्पल असू दे. आता डावा पाय टेकता येत नाही, म्हणून सगळं वजन उजव्यावर येतंय.

तिन्हीसांजा | सोमवार, दुपारी १२.४०

दाखवलं. उजव्याचा दाब ५८ आहे. बोट हाताने सरळ होतं. बुधवारी करणार आहेत, तिच्या खाटेवरच.